पाणी धरून जाणारे रस्ते

साताऱ्यात सायकलवर नव्याने बसू लागलेल्या माणसाला सुरुवातीला एकच प्रश्न पडलेला असतो: या रविवारी कुठे जायचे? विचारले की उत्तरे भराभर येतात. कास, ठोसेघर, सज्जनगड, वाई करून पाचगणी, फार तर महाबळेश्वर. ही सगळी नावे ठिकाणांची आहेत आणि मोटारीने जाणाऱ्याला ठिकाणाचे नाव पुरते, कारण मधला रस्ता त्याला फक्त उरकायचा असतो. सायकलवाल्याचा सगळा दिवस त्या मधल्या रस्त्यातच जातो. म्हणून मला कुणी विचारले, तर मी आधी नदी सांगते. कोणत्या नदीच्या काठाने वर चढायचे आणि कोणता डोंगर ओलांडून कोणत्या खोऱ्यात उतरायचे, एवढे ठरले की चढ किती लागेल, सावली कुठे मिळेल, बाटली कुठे भरून घ्यायची, वारा समोरून येईल की पाठीमागून, हे सारे आपोआप ठरत जाते.

यासाठी जिल्ह्याचा नकाशा एकदा रस्त्यांकडे दुर्लक्ष करून पाहावा. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण उभी आहे. तिला पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे फाटे फुटतात आणि दोन फाट्यांच्या मधून एकेक नदी वाहते. वाईची कृष्णा, मेढ्याची वेण्णा, परळीची उरमोडी, तारळ्याची तारळी. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते, उरमोडी त्याच्या खाली आणि तारळी उंब्रजजवळ. कोयना मात्र वेगळ्या स्वभावाची आहे. ती महाबळेश्वरला उगम पावते आणि मुख्य रांग व बामणोलीची डोंगररांग यांच्या मधून साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला जाते, हेळवाकला एकाएकी पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून येऊन कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत शिरते. ही आकृती एकदा डोक्यात बसली की लक्षात येते, जिल्ह्याच्या पश्चिम भागातला प्रत्येक रस्ता दोनपैकी एक काम करतो. तो एखाद्या नदीला धरून जातो, नाहीतर दोन नद्यांमधली धार, म्हणजे डोंगराचा उंच कणा, ओलांडतो. सायकलवर या दोन्ही रस्त्यांची वागणूक पूर्ण वेगळी असते आणि पायांना ती पहिल्या दहा मिनिटांत समजते.

नदीकाठचा रस्ता चढतो, पण चढतो आहे हे सांगत नाही. डोळ्यांना तो सपाट दिसतो, वेग मात्र ताशी दोन-तीन किलोमीटरने कमी भरतो, आणि परत येताना तोच रस्ता कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखा पुढे नेतो. धार ओलांडणारा रस्ता असे काही लपवत नाही. शिवाय आपल्या घाटांचा चढ एकसारखा नसतो, याचे कारण खडकात आहे. दख्खनचा हा सारा प्रदेश लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे आणि हे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे जवळजवळ आडवे आहेत. कठीण बेसॉल्टच्या थरांचे उभे कडे राहिले, त्यांच्यामधले ठिसूळ थर झिजून उतरती माची झाली, आणि सर्वांत वर जांभ्या दगडाचे सपाट सडे उरले. म्हणून सह्याद्रीचा घाट टप्प्याटप्प्याने चढतो. एक टप्पा दमवतो, दुसरा श्वास घेऊ देतो, आणि वळण घेतल्यावर पुढचा कडा उभा असतो. हे ठाऊक असलेला माणूस पहिल्या टप्प्यावर सगळा जोर खर्च करत नाही.

वेण्णेचा रस्ता मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण एका नदीची अखेर आणि तिचा उगम अशी दोन्ही टोके तो एका दिवसात दाखवतो. निघायचे संगम माहुलीहून. रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. दगडी घाट, देवळांची शिखरे आणि कृष्णेत मिसळणारे वेण्णेचे पाणी पाहून सातारा शहर मागे टाकले की मेढ्याचा रस्ता लागतो. उजव्या-डाव्या हाताला ऊस, हळूहळू भात, मध्ये कण्हेर धरणाचा जलाशय, आणि मग दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात. मेढा हे जावळी तालुक्याचे गाव. ज्या जावळीच्या अरण्यात शिरण्याची हिंमत फौजा करत नसत आणि जी १६५६ मध्ये शिवरायांनी चंद्रराव मोऱ्यांकडून घेतली, तिच्या उंबऱ्यावर आपण उभे आहोत, हे त्या बाजारपेठेतल्या एसटीच्या गर्दीत चटकन जाणवत नाही. केळघरपर्यंत पोहोचल्यावर जाणवते. समोरची डोंगराची भिंत आभाळ अडवते आणि रस्ता तिच्यात कुठून शिरणार आहे, हे खालून दिसतच नाही.

इथून महाबळेश्वरपर्यंतचा घाट सुमारे ६०० मीटर उंची चढतो. घाटरस्त्यांच्या आखणीत साधारण २० मीटर अंतराला १ मीटर चढ, म्हणजे पाच टक्के, हे प्रमाण सोयीचे मानले जाते आणि आवळ वळणावर चढ थोडा हलका ठेवण्याची रीत आहे. जुन्या घाटांवरून ओझ्याच्या गाड्या बैलांनी ओढल्या जात, आणि जनावराला जे झेपते ते माणसालाही झेपते. म्हणूनच केळघर किंवा पसरणी यांसारखे घाट लांब असले तरी सायकलला सोसतात. याउलट वाड्या-वस्त्यांना जोडणारे नंतरचे छोटे रस्ते अंतर वाचवण्यासाठी सरळ डोंगरावर जातात आणि त्यांचा चढ दहा-बारा टक्क्यांवर गेला की उत्तम गिअरची सायकलही हातात धरून चालवावी लागते. त्यात कमीपणा काही नाही.

थोडे गणित मांडून पाहावे. सायकलस्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर ६०० मीटर वर जायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ४७० किलोज्यूल काम करावे लागते. शरीर खाल्लेल्या अन्नातली जेमतेम पाव ऊर्जा पायडलपर्यंत पोहोचवते, म्हणजे या एका घाटासाठी साडेचारशेच्या आसपास किलोकॅलरी जाळाव्या लागतात. सपाटीवर वाऱ्याशी भांडण असते, घाटात वजनाशी. ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या वेगाला वारा फारसे अडवत नाही, तिथे अडवते ती पाठपिशवीतली अनावश्यक वस्तू. मी घाटात दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, चेन जोडायची एक कडी आणि शेंगदाण्याचे लाडू एवढेच बरोबर ठेवते. पुढे लहान चकती आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांची मोठी चकती असली, की मिनिटाला सत्तरएक फेऱ्यांच्या लयीत पाय फिरत राहतात आणि गुडघे दुखत नाहीत. गिअर जड ठेवून ताकदीने घाट काढणारे तरुण मी पाहते तेव्हा त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटते.

केळघरच्या घाटात एका वळणावर पावसाळ्यात कणसे भाजणाऱ्या आजी बसतात. प्लास्टिकचा निळा कागद चार काठ्यांवर ताणलेला, खाली लोखंडी शेगडी, आणि पत्र्याच्या तुकड्याने निखाऱ्यांना घातला जाणारा वारा. त्या कणीस उलटतात ते थेट बोटांनी. दाणे फुटू लागले की अर्ध्या लिंबाला मीठ-तिखट माखून ते कणसावर वरून खाली असे दाबून फिरवतात की रस निखाऱ्यावर पडून चुरचुरतो. मी पहिल्यांदा थांबले तेव्हा त्यांनी सायकलकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "एकलीच आलीस व्हय गं पोरी? आन् रस्त्यात मोडली म्हंजी?" मी पिशवीतली हत्यारे दाखवली. त्यांनी पाना हातात घेऊन वजन करून पाहिले, परत दिला, आणि सांगितले, "म्होरल्या वळणाला कातळातनं पाणी येतंय. ती बाटली वतून दे आन् त्येच भर. गार आसतंय." लहानपणी त्या डोक्यावर जळणाची मोळी घेऊन याच डोंगरातल्या पायवाटेने महाबळेश्वरच्या बाजाराला जात. कुठे थांबायचे, कुठे पाणी प्यायचे, कुठला चढ सावकाश घ्यायचा, हे त्यांनी मला जितक्या नेमकेपणाने सांगितले, तितके कुठल्याही मोबाइलच्या नकाशाने आजवर सांगितलेले नाही.

घाटाच्या वरच्या भागात हवा बदलते आणि झाडे बदलतात. खाली ऐन, हिरडा, पांगारा अशी पानगळीची झाडे होती. वर आले की अंजन, जांभूळ आणि पिसा यांचे सदाहरित रान रस्त्यावर वाकते. अंजनाच्या बुटक्या, वेड्यावाकड्या खोडांवर शेवाळ आणि आमरे (ऑर्किड) असतात आणि भर दुपारी त्यांच्याखाली दिवे लागणीचा उजेड असतो. घामाने भिजलेली पाठ इथे दोन मिनिटांत गार पडते. पुढे वेण्णा तलाव. १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी हा बांधून घेतला. घोडे, नावा आणि गाजरांच्या गाड्या यांच्या गर्दीत फारसे कुणी त्याच्याकडे नदी म्हणून पाहत नाही, पण सकाळी माहुलीला जिला निरोप दिला तीच ही वेण्णा आहे. एवढ्या अंतरात पावसाचे मानही विलक्षण बदललेले असते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सातारा शहरात त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या जवळपास, आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगले म्हणतात. सायकलने पश्चिमेकडून पूर्वेकडे एक दिवस चालवत गेले की हा सगळा फरक पिकांत, घरांच्या छपरांत आणि माणसांच्या बोलण्यात दिसत जातो.

उतरण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण चढाचे कौतुक सगळे करतात आणि अपघात उतारावर होतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. ब्रेक सतत हलकेच दाबून ठेवले तर रिम तापते, आणि जुन्या पद्धतीच्या रिम ब्रेकवर लांब घाटात ट्यूब फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडून द्यायचे आणि नजर खड्ड्यावर न ठेवता वळण संपते तिथे ठेवायची. पावसात पहिल्या एक-दोन फेऱ्या ब्रेक केवळ पाणी पुसतो आणि मग धरतो, म्हणून हात लवकर लावायचा. साताऱ्यातले एक जुने सायकल मिस्त्री, ज्यांच्याकडे मी चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला जाते, ते सायकल परत देताना नेहमी दोन्ही ब्रेक आपल्या हाताने दाबून सायकल पुढे ढकलून पाहतात. चाक हलले तर सायकल देत नाहीत.

कासचा रस्ता या सगळ्याहून निराळा आहे. तो नदीला धरून जात नाही आणि धार ओलांडतही नाही, तो बराच वेळ धारेवरूनच चालतो. साताऱ्याच्या बोगद्याजवळून यवतेश्वरचा घाट चढून गेले, जिथे दरवर्षी हिल मॅरेथॉनमध्ये हजारो पाय धावतात, की उजव्या हाताला खाली वेण्णेचे खोरे आणि कण्हेरचे पाणी दिसते, डाव्या हाताला उरमोडीचा जलाशय आणि त्याच्यावर सज्जनगड. पावसाचा एखादा थेंब रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडतो यावर त्याचा प्रवास ठरतो, असे वर्ग घेताना मी मुलांना सांगत आले होते. इथे ते पायांखाली आहे. पेट्री, एकीव ही गावे मागे टाकत रस्ता सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या सड्यावर येतो.

कासच्या फुलांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात लिहीन. पठारावरचा जांभा कठीण आहे आणि माती जेमतेम काही इंचांची. मोठी झाडे मुळे धरू शकत नाहीत, म्हणून चार महिन्यांत जन्मून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या लहान वनस्पतींचे ते राज्य आहे. फुलझाडांच्या ८५० हून अधिक प्रजातींची नोंद इथे झालेली आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर कासचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गेंद, तेरडा, कवला आणि सीतेची आसवे यांचे गालिचे सगळ्यांना दिसतात. पण सायकलवर रस्त्याच्या कडेने सावकाश जाताना कातळाच्या तळहाताएवढ्या खळग्यात साठलेल्या पाण्यात वायतुऱ्याचा गुलाबी, दुबेळक्यासारखा फुलोरा उभा दिसतो, तो मोटारीच्या काचेतून दिसणार नाही. तो पाहायलाही रस्त्यावरूनच पाहावे. सड्यावर चाक घातले की पुढच्या वर्षीचे बी चिरडते.

कास तलावाचे पाणी गुरुत्वाकर्षणाच्या बळावर खाली सातारा शहरात येते आणि त्याच्या सांडव्याचे पाणी भांबवलीच्या कड्यावरून उरमोडीत पडते. तलावापुढे रस्ता पश्चिमेला कलतो आणि आपण कोयनेच्या बाजूला येतो. बामणोलीपर्यंत सुमारे पाचशे मीटरचा उतार आहे. जंगल दाट, रस्ता अरुंद, आणि वळणा-वळणावर झाडांच्या फटीतून शिवसागराचे, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचे, पाणी दिसते. याच रस्त्याने परत यायचे तर तेवढाच चढ दुपारच्या उन्हात चढावा लागतो, म्हणून मला पाण्यावरून पुढे जाणे पसंत आहे. बामणोलीला लाँच मिळते आणि सायकल बरोबर घेतली तर नावाडी हरकत घेत नाहीत.

पहिल्यांदा मी सायकल नावेत उभी करून धरून ठेवायला लागले तेव्हा नावाड्याने ती माझ्या हातातून घेतली. "ताई, आडवी घाला. हँडल आतल्या अंगाला. लाटंला उभी ऱ्हायची न्हाई." त्याने चेनची बाजू वर ठेवली, खाली गोणपाट टाकले, नायलॉनच्या दोरीने पायडल फळीला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. मग इंजिन सुरू झाले आणि पाच मिनिटे कुणीच बोलले नाही, कारण बोललेले ऐकू येत नव्हते. जलाशयाच्या मध्यावर त्याने वेग कमी केला आणि डावीकडे हात केला. "आमचं जुनं घर तकडं हुतं. आज्जाचं." तिथे पाणीच होते. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की देवळाचे जोते आणि वावरांचे बांध उघडे पडतात, असे त्याने सांगितले. धरणात गावे गेली तेव्हा माणसे रायगड, ठाणे, सोलापूरकडे पांगली, काही वरच्या डोंगरात सरकून राहिली. आपण ज्याला निसर्गरम्य जलाशय म्हणतो त्याच्या तळाशी नदीकाठचा जुना रस्ता आहे. मी नद्यांच्या काठचे रस्ते शोधत फिरते, आणि कोयनेच्या या पट्ट्यात तो रस्ता कुणालाच पुन्हा मिळणार नाही.

तापोळ्याला उतरून महाबळेश्वरकडे चढणारा रस्ता पंचवीसएक किलोमीटरांत सुमारे सातशे मीटर उंची घेतो. तो लांब आहे, दमवणारा आहे, आणि मला विचाराल तर जिल्ह्यातला सर्वांत सुंदर चढ आहे. इथे घाई केली तर काहीच हाती लागत नाही. सोळशी आणि कांदाटी यांची खोरी मागे उलगडत राहतात, कारवीची दाट बने उतारांना धरून असतात, आणि पहाटेच्या वेळी शीळकरी कस्तुराची शीळ एखाद्या माणसाने सहज घातल्यासारखी ऐकू येते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. ते वर्ष साधले तर या उतारांचा रंगच बदललेला असतो.

कोयनेचे दुसरे अंग कऱ्हाडहून दिसते. प्रीतिसंगमावरून निघून पाटणमार्गे हेळवाकपर्यंत रस्ता नदीच्या सोबतीने जातो आणि पन्नासएक किलोमीटरांत नाव घेण्यासारखा चढ लागत नाही. डोंगर दोन्ही बाजूंना उंच होत जातात, डाव्या-उजव्या धारांवर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, आणि खालून नदीने लाखो वर्षांत कोरून ठेवलेली वाट आपल्याला फुकटात सह्याद्रीच्या पार काठापर्यंत नेऊन सोडते. हेळवाकहून थोडे वर चढले की कुंभार्ली घाटाचे तोंड येते आणि जमीन एकदम कोकणात कोसळते. घाट चढल्याशिवाय घाटमाथ्याच्या कडेवर येण्याचा हा अनुभव मला दुसऱ्या कुठल्या रस्त्याने दिलेला नाही. नव्या सायकलवाल्याने लांब पल्ल्याची सुरुवात इथूनच करावी असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हा जाताना तो छातीवर घ्यावा लागतो, पण थकलेल्या परतीला तोच पाठीशी येतो.

कोयनानगरला १०३ मीटर उंचीचे धरण आहे, त्याची साठवण १०५.२५ टीएमसी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप या परिसरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजूनही असतो. गोष्ट कुठल्या सालची, हे ते भूकंपाच्या आधीची की नंतरची यावरून सांगतात. पण कुंभार्लीच्या माथ्यावर उभे राहिल्यावर माझ्या मनात येते ते वेगळेच. कोयनेचे पाणी स्वभावाने पूर्वेकडचे. कृष्णेतून ते बंगालच्या उपसागराला जायचे. त्यातला मोठा हिस्सा डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवला आहे, साडेचारशे मीटरहून अधिक खाली पोफळीच्या बाजूला जनित्रांवर सोडला आहे, आणि तिथून वाशिष्ठीतून तो अरबी समुद्राला मिळतो. प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १९६० मेगावॉट आहे. मी जी धार सायकलने ओलांडते, तीच धार माझ्या पायांखालून पाणीही ओलांडत असते. घरातल्या दिव्याचे बटण दाबताना हा घाट आठवतो.

या रस्त्यांचा बराच भाग कोयना अभयारण्याच्या आणि त्याच्या भोवतालच्या वनांना लागून आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सायकल आवाज करत नाही आणि धूर सोडत नाही, म्हणून ती जंगलात निरुपद्रवी आहे असे आपण मानतो, ते पुरते खरे नाही. आवाज नसलेली वस्तू वळणावरून अचानक समोर आली तर गवा बिथरतो, आणि बिथरलेल्या गव्यापुढे कुणाचे काही चालत नाही. सकाळी उजाडल्यावर शिरावे, दिवस मावळायच्या आत बाहेर यावे, दाट झाडीच्या वळणावर घंटी वाजवावी. गवा दिसला तर लांबच थांबावे आणि त्याला रस्ता सोडायला लागेल तेवढा वेळ द्यावा. शेकरू वरून ओरडत असेल तर त्याला आपली चाहूल लागली आहे एवढे समजावे आणि पुढे जावे.

या रस्त्यांची मला काळजी वाटते. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्या रात्री पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरडी कोसळल्या आणि माणसे गाडली गेली. त्या हंगामानंतर घाटांतून जाताना मी रस्त्याच्या आतल्या कडेकडे पाहायला शिकले. डोंगराकडची गटारे मातीने भरलेली असली की पाणी रस्त्यावरून वाहते आणि बाहेरची कड खचते. रुंदीकरणासाठी डोंगराचा पाया उभा कापला की वरच्या उताराला आधार उरत नाही. कठीण थरांच्या मधली ठिसूळ माती पावसात भिजली की ती सरकणार, हे या डोंगरांच्या घडणीतच आहे. रस्ता करणाऱ्याने ही घडण पाहून रस्ता केला तर तो टिकतो. जुन्या आखणीत वळणे जास्त होती, कारण ती आखणारा डोंगराला वळसा घालत होता. वळणे सरळ केल्याने मोटारीची पाच-सात मिनिटे वाचतात. त्या मिनिटांपायी वडाची शंभर वर्षांची झाडे गेली आणि सावली गेली. एप्रिलमध्ये ते अंतर सायकलने किंवा पायी काढणाऱ्या शाळेच्या पोरांना आणि बाजाराला जाणाऱ्या बायकांना हे नुकसान रोज सोसावे लागते.

दुसरी काळजी वणव्यांची. फेब्रुवारी उजाडला की संध्याकाळी डोंगरांवर जाळाच्या माळा दिसू लागतात. गवत जाळले की पुढे चांगले उगवते, असा समज जुना आहे आणि कधी कुणी टाकलेली विडीही पुरते. दुसऱ्या दिवशी त्या घाटातून जाताना राख घशात जाते, जळलेल्या गवतात सरड्यांची आणि पाखरांच्या घरट्यांची राख असते, आणि रोपे म्हणून जे काही वर येत होते ते संपलेले असते. मोकळ्या झालेल्या त्या उतारावरची माती पहिल्या पावसाबरोबर नदीत येते. जंगल जळणे आणि धरणात गाळ साठणे ही एकच गोष्ट आहे, हे वरून खाली सायकलने उतरताना सलग दिसते. काही गावांतली तरुण मुले आग पुढे सरकू नये म्हणून हिवाळ्यातच जाळरेषा काढतात, रात्री झोडप्या घेऊन डोंगरावर जातात. त्यांच्याबरोबर एक सकाळ काढावी असे मी प्रत्येक सायकलवाल्याला सुचवते.

आता उरली वारणा. ती सांगली आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते आणि सांगलीजवळ हरिपूरला, संगमेश्वराच्या देवळाशी, कृष्णेला मिळते. या नदीला मी खालून वर अशी एकसलग धरलेली नाही. तुकड्या-तुकड्यांनी केली आहे: शिराळ्याहून कोकरूड, तिथून आरळा आणि पुढे चांदोली धरणापर्यंत. शिराळ्यापर्यंत उसाचे आणि भुईमुगाचे मोकळे रान असते. कोकरूडच्या पुढे खोरे आवळत जाते, भाताची खाचरे आणि कौलारू घरे सुरू होतात, आणि धरणाशी रस्ता संपतो, कारण त्यापलीकडे उद्यान आहे आणि तिथे सायकलने जाण्याचे कारण नाही. हरिपूरहून धरण जवळजवळ सगळे नदीच्या अंगाने गाठता येते, घाट असा नाही. सकाळी सहाला निघावे, ऊन चढायच्या आत शिराळा गाठावे, रात्रीचा मुक्काम आरळ्याच्या बाजूला करावा आणि दुसऱ्या दिवशी उताराने परत यावे, असा बेत आहे. डिसेंबरमध्ये गळीत हंगाम जोरात असतो आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी तो रस्ता भरलेला असतो, म्हणून ऑक्टोबरची अखेर धरली आहे. भात तेव्हा कापणीला आलेला असेल आणि ओढ्यांना पाणी असेल. बरोबर यायचे असेल त्यांची मागची चकती ३० दात्यांची असली तरी चालेल.